चार मिनिटांनी चित्र का गोठतं?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेला नाशिक परिसरातून आलेले प्रश्न बहुतेक मल्टिकास्टचेच आहेत, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीचे. हॉटेल, कारखाना, मंगल कार्यालय, कॉलेजची लॅब अशी ठिकाणं वेगळी, तक्रारीही वेगळ्या. पण खणत गेलं की बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट हाती लागते: स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (कुणाला कोणता प्रवाह हवा ते ऐकून तेवढ्यालाच देणं) चालू आहे आणि नेटवर्कात क्वेरियर, म्हणजे ‘कुणाला काय हवंय’ असं विचारत राहणारा, कुणीच नाही. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे. बाकीच्यांनीही आधी ते वाचावं.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचं ६० खोल्यांचं हॉटेल आहे. गच्चीवरच्या डिशचे ३२ चॅनल एका स्ट्रीमरमधून नेटवर्कवर सोडले आहेत. सुरुवातीला सगळेच टीव्ही अडखळत होते. इन्स्टॉलरने चारही स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं आणि ‘अननोन मल्टिकास्ट’ (कुणी मागितल्याची नोंद नसलेला प्रवाह) ड्रॉपवर, म्हणजे टाकून देण्यावर, ठेवलं. आता चित्र स्वच्छ येतं, पण चार-साडेचार मिनिटांनी गोठतं. चॅनल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. स्ट्रीमर बदलावा का?
— वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : स्ट्रीमरला हात लावू नका, तो निर्दोष आहे. 

आधी टीव्ही का अडखळत होते ते पाहू. स्विच पत्ते शिकतो ते पॅकेट पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून. मल्टिकास्टचा पत्ता कधीच पाठवणाऱ्याच्या जागी येत नाही, त्यामुळे स्विचला तो शिकताच येत नाही, आणि जे कुठे द्यायचं ते माहीत नाही ते तो सगळ्या पोर्टवर सोडतो. एका चॅनलला ५ एमबीपीएस धरले तरी ३२ चॅनलचे १६० एमबीपीएस होतात. टीव्हीचं पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचं. पाहुणा पाहतोय एक चॅनल आणि टीव्हीच्या दारात उभे बत्तीस. अडखळणारच.

स्नूपिंगने हे थांबतं. एखादा चॅनल लावला की टीव्ही ‘मला हा ग्रुप (म्हणजे त्या चॅनलचा मल्टिकास्ट पत्ता) हवा’ असा आयजीएमपी रिपोर्ट पाठवतो. हा निरोप खरं तर राउटरसाठी असतो, पण स्विच तो वाटेत कान देऊन ऐकतो आणि ‘या ग्रुपला हे पोर्ट’ अशी नोंद करतो. मग तो चॅनल त्याच पोर्टवर जातो.

आता तुमची चार मिनिटं. स्विचची ही नोंद कायमची नसते. टीव्हीची वायर कुणी उपटली तर ‘मी निघालो’ सांगायला कुणी उरत नाही, म्हणून नोंदीला मुदत असते. ठरलेल्या आकड्यांप्रमाणे दर १२५ सेकंदांनी क्वेरियर विचारतो, ‘कुणाला काय हवंय?’ टीव्ही १० सेकंदांच्या आत उत्तर देतात आणि मुदत वाढते. दोन फेऱ्या आणि उत्तराची सवलत मिळून २ गुणिले १२५ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद. तुमच्याकडे विचारणाराच नाही, त्यामुळे टीव्ही उत्तर देत नाहीत आणि २६० सेकंदांनी स्विच नोंद पुसतो. चॅनल बदलला की टीव्ही न विचारता नवा रिपोर्ट पाठवतो, म्हणून पुन्हा तेवढी मुदत मिळते. काही कंपन्यांच्या मेनूत मुदतीचा आकडा वेगळा असतो. मग चित्र गोठण्याची वेळही त्याप्रमाणे सरकते.

एरवी क्वेरियरचं काम मल्टिकास्ट राउटर करतो. तुमच्याकडे सगळं एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचमध्ये आखलेल्या वेगळ्या नेटवर्कात) फिरतंय, तसा राउटर नाही आणि लागतही नाही. ज्या स्विचला स्ट्रीमर जोडलाय त्यावर टीव्हीच्या व्हीलॅनला आयपी पत्ता द्या, मग त्याच व्हीलॅनसाठी ‘आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर’ चालू करा. पत्ता न देता नुसतं चालू केलं तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून विचारतात, आणि अशा क्वेरीला काही उपकरणं जुमानत नाहीत. आयजीएमपीची आवृत्ती २ ठेवा. टीव्हींना तेवढी पुरते, शिवाय आवृत्ती ३ चे रिपोर्ट न समजणारे जुने स्विच मध्ये असतील तर तेही गोंधळत नाहीत. शेवटी सेटिंग सेव्ह करा. हे हास्यास्पद वाटेल, पण ‘काल ठीक होतं, रात्री लाइट जाऊन आली आणि परत गोठायला लागलं’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा न दाबलेलं सेव्हचं बटण असतं.

क्वेरियर स्ट्रीमरच्याच स्विचवर हवा असं म्हणतोय त्याला कारण आहे. क्वेरी ज्या पोर्टवरून येते त्याला बाकीचे स्विच राउटर पोर्ट मानतात आणि सगळं मल्टिकास्ट त्या दिशेला पाठवतात, तिकडे कुणी पाहत असो वा नसो. क्वेरियर चौथ्या मजल्यावर ठेवलात तर बत्तीसही चॅनल रात्रंदिवस चौथ्या मजल्याची वाट चालतील. मधला दुवा १ जीबीपीएसचा असेल तर १६० एमबीपीएस पचतील. मध्येच कुणी १०० एमबीपीएसचं पोर्ट वापरलं असेल, किंवा वायरीची एक जोडी तुटून दुवा १०० वर घसरला असेल, तर तिथेच कोंडी होईल.

दोन स्विचवर क्वेरियर चालू केला तर भांडण होत नाही. ज्याचा आयपी पत्ता लहान तो काम करतो आणि दुसरा गप्प बसतो. म्हणून मुख्य स्विचला व्हीलॅनमधला सर्वांत लहान पत्ता द्या. मुख्य स्विच बंद पडला तर दुसरा २५५ सेकंदांनी जागा होतो. नोंदी २६० व्या सेकंदाला मरायला लागतात, म्हणजे मोकळीक अवघ्या ५ सेकंदांची, आणि टीव्हींना उत्तर द्यायला १० सेकंदांपर्यंत मुभा. काही खोल्यांत क्षणभर चित्र जाईलच. विचारण्याचा कालावधी १२५ वरून ६० वर आणला तर हाच बदल १२५ सेकंदांत उरकतो, पण मग सगळ्या स्विचवर तोच आकडा हवा.

‘अननोन मल्टिकास्ट’ ड्रॉपवरून फ्लडवर आणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, आणि तसं केल्यावर चित्र गोठणं बरंचसं थांबेलही. तो सल्ला ऐकू नका. नोंद पुसली गेली की तो चॅनल अननोन ठरतो आणि पुन्हा सगळ्या पोर्टवर पसरतो, म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी होतात तिथेच परत. यातली गंमत अशी की फ्लडवर ठेवलं तर जो चॅनल कुणीच पाहत नाही तोच सगळ्यांच्या दारात जातो, कारण त्याची नोंद करायला कुणी नसतं. दुपारी पाहुणे बाहेर गेलेले असताना नेटवर्क जास्त दमलेलं दिसलं तर हे तपासा.

तपासणी सोपी आहे. एका वरच्या मजल्यावरच्या स्विचमध्ये राउटर पोर्टची यादी उघडा. सिस्कोच्या स्विचवर तिला ‘एमराउटर’ म्हणतात. मुख्य स्विचकडे जाणारा दुवा तिथे दिसला पाहिजे. दिसत नसेल तर क्वेरी तिथवर पोचत नाही. बहुधा मधल्या ट्रंकवर (दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन नेणाऱ्या दुव्यावर) तो व्हीलॅन घ्यायचा राहिलेला असतो. क्वेरियरशिवाय काही स्विच रिपोर्ट सगळीकडे सोडतात, म्हणून तुम्हाला चार मिनिटं तरी मिळाली. काही स्विच राउटर पोर्ट माहीत नसेल तर रिपोर्ट पुढे देतच नाहीत, आणि मग वरच्या मजल्यांवर चित्र सुरूही होत नाही.

जाता जाता फास्ट लीव्ह. चॅनल बदलताना टीव्ही ‘लीव्ह’ पाठवतो. मग ‘आणखी कुणी आहे का?’ असं एकेका सेकंदाने दोनदा विचारलं जातं आणि त्यानंतर जुना चॅनल बंद होतो. रिमोटवर बोट ठेवून भराभर पुढे जाणाऱ्याच्या पोर्टवर त्या दोन सेकंदांत चार-पाच चॅनल साचतात. फास्ट लीव्ह चालू केलं तर जुना चॅनल लगेच तुटतो. पण ते फक्त जिथे एका पोर्टवर एकच टीव्ही आहे तिथे. स्वीटमध्ये छोटा स्विच लावून दोन टीव्ही जोडले असतील, तर बेडरूममधल्याने चॅनल बदलला की हॉलमधलं चित्र जाईल.

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत आमच्या लाइनवर पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोलर), ४० रिमोट आयओ (सेन्सर वगैरे जोडायचे डबे) आणि काही ड्राइव्ह (मोटर चालवणारे) इथरनेट/आयपी या कारखान्यातल्या नेटवर्क पद्धतीवर आहेत. स्विच सगळे साधे, अनमॅनेज्ड. गेल्या वर्षी लाइन ऑफिसच्या नेटवर्कला जोडली तेव्हापासून बारकोड प्रिंटर अडकतात, एक जुना ड्राइव्ह मधूनच ‘कनेक्शन लॉस्ट’ दाखवतो. मोजलं तर ट्रॅफिक जेमतेम ३-४ एमबीपीएस आहे. मग गर्दी कसली?
— वाचक, सातपूर

उत्तर : एमबीपीएस मोजू नका, पॅकेट मोजा. इथरनेट/आयपीत आयओची माहिती ठरावीक वेळाने जात राहते आणि बऱ्याच मांडण्यांत आयओकडून पीएलसीकडे येणारा भाग मल्टिकास्ट असतो. हा वेळ, म्हणजे आरपीआय, १० मिलिसेकंद असेल तर एक आयओ सेकंदाला १०० पॅकेट सोडतो. चाळीसचे झाले ४०००. पॅकेट शंभरेक बाइटचं, म्हणून एकूण भार तुम्ही म्हणता तसा ३-४ एमबीपीएसच भरतो. पण साध्या स्विचवर ही चार हजार पॅकेटं दर सेकंदाला प्रत्येक पोर्टवर आदळतात. पीसीचं कार्ड नको ती पॅकेटं दारातच टाकून देतं. प्रिंटर आणि जुन्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा हे काम त्यांच्या छोट्याशा प्रोसेसरवरच पडतं. नको असलेली पॅकेटं उघडून फेकण्यात तो गुंतला की हव्या पॅकेटची वेळ चुकते.

पहिलं काम म्हणजे लाइन आणि ऑफिस वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका. जोडणी हवीच असेल तर राउटरमधून. दुसरं, लाइनवर स्नूपिंग असलेले मॅनेज्ड स्विच, आणि त्यांतल्या पीएलसीच्या स्विचवर क्वेरियर. लाइन एकटी पडली की तिच्यात राउटर उरत नाही, आणि नेमकं इथेच लोक चुकतात: स्विच चांगले घेतात, स्नूपिंग चालू करतात, विचारणारा ठेवत नाहीत. हॉटेलात टीव्ही गोठतो, तुमच्याकडे लाइन थांबेल.

खरेदीआधी एक गोष्ट. स्वस्त ‘स्मार्ट’ स्विचच्या खोक्यावर आयजीएमपी स्नूपिंग लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं, पण आत क्वेरियर असतोच असं नाही. दुकानदाराला ‘क्वेरियर आहे का?’ असंच विचारा, आणि त्याच्या होकारावर न थांबता मॅन्युअलमध्ये तो शब्द शोधा. सगळ्या स्विचमध्ये असण्याची गरज नाही, व्हीलॅनमागे एक पुरतो. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ब्रिजवर मल्टिकास्ट क्वेरियरची खूण आहे, तीही चालते.

नव्या कंट्रोलरमध्ये आयओ कनेक्शनला ‘युनिकास्ट’चा, म्हणजे एकालाच पाठवण्याचा, पर्याय असतो. एकच पीएलसी ऐकत असेल तर तोच निवडा, मल्टिकास्टचा प्रश्नच मिटतो. दोन कंट्रोलरना एकाच आयओची माहिती हवी असेल तिथे मात्र मल्टिकास्ट ठेवा.

शिवाय मशिनच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे एज पोर्ट, लावा. नाहीतर एक मशिन बंद-चालू केलं तरी स्पॅनिंग ट्रीला (वायरींत वेढा होऊ न देणाऱ्या व्यवस्थेला) रचना बदलल्यासारखी वाटते, आणि त्यानंतर पुष्कळ स्विच काही काळ मल्टिकास्ट पुन्हा सगळीकडे सोडतात. शिफ्ट बदलताना प्रिंटर अडकत असतील तर संशय इथे घ्या.

प्रश्न : पंचवटीत आमचं मंगल कार्यालय आहे. स्टेजवरच्या कॅमेऱ्याचं चित्र जेवणाच्या हॉलमधल्या सहा टीव्हींवर दाखवायला नेटवर्कवरून चालणारे एचडीएमआय एक्स्टेंडर घेतले. टीव्ही छान चालतात, पण लग्न सुरू झालं की वायफाय मरतं. पाहुण्यांची संख्या हेच कारण ना?
— वाचक, पंचवटी

उत्तर : पाहुणे नसताना एक्स्टेंडर चालू करून बघा, तेव्हाही मरेल. एक पाठवणारा आणि सहा घेणारे असा हा जोड मल्टिकास्टवर चालतो, आणि साध्या प्रकारात चित्राला १५-२० एमबीपीएस लागतात. तारेवर हे काहीच नाही. पण साधा स्विच हाच प्रवाह ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवरही ढकलतो, आणि वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सर्वांत हळू मूळ वेगांपैकी एकाने पाठवलं जातं, २.४ गिगाहर्ट्झवर बहुधा १ एमबीपीएसने. एक एमबीपीएसच्या नळीतून वीस ओतायचे. हवाच भरून जाते, मोबाइलना बोलायला जागा उरत नाही.

सहा टीव्हींसाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एक्स्टेंडरना स्वतंत्र आठ पोर्टचा स्विच द्यायचा आणि तो बाकीच्या नेटवर्कला जोडायचाच नाही. त्यात साधा स्विचही चालतो. वायरी एकाच ठिकाणी येत असतील तर मॅनेज्ड स्विचवर वेगळा व्हीलॅन करा. स्नूपिंगवर इथे फार विसंबू नका, कारण काही स्वस्त रिसीव्हर आयजीएमपी रिपोर्टच पाठवत नाहीत. मग त्यांच्या पोर्टवर तो ग्रुप हाताने, स्टॅटिक म्हणून नोंदवावा लागतो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्विच लेयर २ चा, म्हणजे मॅक पत्ते पाहणारा, आणि आयजीएमपी लेयर ३ चं, म्हणजे आयपीच्या पातळीवरचं; मग तो ते वाचतो कसा? आणि लॅबमध्ये २३९.०.०.५ वर प्रवाह सोडला तर स्नूपिंग असूनही तो सगळ्या पोर्टवर दिसतो, २३९.१.१.१ वर सोडला तर दिसत नाही. असं का?
— विद्यार्थी, आडगाव

उत्तर : प्रश्न झकास आहे. स्विचची चिप आयपी पॅकेटच्या डोक्यातला प्रोटोकॉल क्रमांक बघते. तो २ असला, म्हणजे आयजीएमपी, की पॅकेट स्विचच्या प्रोसेसरकडे वळवते. प्रोसेसर ते वाचून नोंदीचा तक्ता भरतो. प्रत्यक्ष व्हिडिओचं पॅकेट प्रोसेसर बघत नाही, ते तक्त्यावरून चिपच पुढे पाठवते. लेयर २ च्या उपकरणाने लेयर ३ चं पत्र चोरून वाचायचं, म्हणून तर नाव स्नूपिंग.

दुसऱ्या भागाचं उत्तर पत्त्याच्या गणितात आहे. मल्टिकास्ट आयपीचे शेवटचे २३ बिट तेवढे मॅक पत्त्यात जातात. पुढे ०१:००:५ई हे ठरलेलं. मल्टिकास्टमध्ये बदलणारे बिट २८, म्हणजे ५ बिट गळतात आणि ३२ ग्रुपना मिळून एकच मॅक पत्ता येतो. २२४.१.१.१, २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ या तिघांचा पत्ता ०१:००:५ई:०१:०१:०१ हाच. तुमच्या २३९.०.०.५ चा मॅक झाला ०१:००:५ई:००:००:०५, आणि हाच २२४.०.०.५ चाही आहे, जिथे ओएसपीएफ (वाटा ठरवायची पद्धत) वापरणारे राउटर एकमेकांशी बोलतात. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ ही पट्टी स्नूपिंगने अडवायची नाही असा दंडक आहे. मॅकवरून काम करणारा स्विच दोघांत फरक करू शकत नाही, म्हणून तुमचा प्रवाहही सगळीकडे सोडतो. ग्रुप निवडताना २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळा.

वेळ असेल तर २६० सेकंदांचा प्रयोग करा. एक स्विच, तीन लॅपटॉप. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती घ्या, तिसरीत मल्टिकास्ट नाही. एक लॅपटॉप २३९.१.१.१ वर यूडीपीने २ एमबीपीएस पाठवेल, दुसरा सर्व्हर म्हणून त्याच ग्रुपला बांधून घेईल, तिसऱ्यावर नुसता वायरशार्क, म्हणजे येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम. अननोन मल्टिकास्ट ड्रॉपवर, क्वेरियर बंद. विंडोजचा फायरवॉल आड येतो, तेवढा बघा. स्टॉपवॉच लावा. दुसऱ्यावरचे आकडे २६० च्या आसपास शून्य होतील. तिसऱ्यावर प्रवाह कधीच दिसता कामा नये. मग क्वेरियर चालू करून पुन्हा करा आणि वायरशार्कमध्ये २२४.०.०.१ कडे जाणारी क्वेरी शोधा. दुसरा लॅपटॉप म्हणून लिनक्सवरचं व्हर्च्युअल मशिन घेतलं तर एक खोच लक्षात ठेवा: लिनक्सच्या ब्रिजमध्ये स्नूपिंग मुळातच चालू असतं आणि क्वेरियर मुळातच बंद.

प्रश्न : नाशिकरोडला सोसायटीत २२ कॅमेरे बसवले. नवा कॅमेरा जोडला की ऑनव्हिफच्या (कॅमेऱ्यांच्या सामाईक पद्धतीच्या) शोधात दिसतो, थोड्या वेळाने गायब. आयपी टाकला तर चित्र येतं. कॅमेरा सदोष का?
— वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. शोधाची हाक २३९.२५५.२५५.२५० या ग्रुपवर, ३७०२ पोर्टला जाते. चालू होताना कॅमेरा त्या ग्रुपात शिरतो. क्वेरियर नसला की त्याची नोंद मरते आणि हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. चित्र रेकॉर्डरकडे सरळ युनिकास्टने जातं, म्हणून ते सुरू राहतं. एका स्विचवर क्वेरियर चालू करा. कॅमेऱ्यांतलं मल्टिकास्ट व्हिडिओ मात्र बंदच ठेवा. एकच रेकॉर्डर असताना त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : ऑफिसात आयपीव्ही६ सुरू केलं. सकाळी सगळं लागतं, मग काही मशिन एकमेकांना सापडत नाहीत. आयपीव्ही४ ठीक आहे.
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : स्विचमध्ये एमएलडी स्नूपिंग चालू आहे का पाहा. आयजीएमपीचं आयपीव्ही६ मधलं भावंड ते. आयपीव्ही४ मध्ये शेजाऱ्याचा पत्ता ब्रॉडकास्टने, एआरपीने शोधतात. आयपीव्ही६ मध्ये हाच शोध मल्टिकास्टने होतो. एमएलडीचा क्वेरियर नसेल तर नोंदी पुसल्या जातात आणि शेजारी हरवतात. क्वेरियर चालू करा, आणि स्विचमध्ये तो नसेल तर एमएलडी स्नूपिंग सरळ बंद करा. छोट्या ऑफिसात त्याने काही बिघडत नाही.